उष्टी नळी

लोटन नाना आयुष्यभर दुसऱ्यांच्या दारूवर जगला. स्वतः त्याने थेंब कधी घेतला नाही. पण जळगाव-धुळ्याकडची माणसं पिऊन कामावर येतात, आणि ती पिऊन आली की नाही हे बघायला ठेवलेली माणसं आपलं काम धड करत नाहीत, एवढ्यावर त्याचा पगार चालायचा.

तोंडावर मी त्याला 'नाना' म्हणायचो, 'तुम्ही' म्हणायचो. इथे मात्र एकेरीच लिहिणार आहे. कोणाला खटकलं तर खटकू दे. पाच वर्षं त्याच्या शेजारी बसून एसटीचे धक्के मी खाल्लेत, वाचणाऱ्यांनी नाही.

आमची फर्म विमा कंपन्यांसाठी तपासण्या करायची. मालक नाशिकला, ऑफिस जळगावात, नवी पेठेत दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. गॅसच्या टाक्या, ॲसिड, रॉकेल असा जिवावरचा माल वाहणाऱ्या ठेकेदारांनी आपल्या ड्रायव्हरांची रोज सकाळी दारूची चाचणी घ्यावी, अशी अट त्या काळात विम्यात नव्याने येऊ लागली होती. नव्वद सालाच्या आसपासची ही गोष्ट. चाचणी ठेकेदाराचा माणूस घ्यायचा. ती नियमाप्रमाणे घेतली जाते का, हे बघायला नाना जायचा. तो बोलेल ते लिहून घ्यायला मी, मोतीलाल बैसाणे, टायपिस्ट-कारकून.

नाना धरणगावकडचा. आधी जकात नाक्यावर होता, तिथे लोकांच्या गाठोड्यांत हात घालायची सवय लागली ती गेली नाही. उंच, वाळका, पांढरा शर्ट गळ्यापर्यंत बंद, आणि चेहरा असा की समोरच्याला आपण काहीतरी चोरलंय असं उगाच वाटावं. लोक मला विचारायचे, "नानाच्या घरात कोणी दारूपायी गेलं होतं का हो?" सगळ्यांना एखादा बुडालेला बाप नाहीतर भाऊ हवा असतो, म्हणजे माणूस कळल्यासारखा वाटतो. तसं काही नव्हतं. त्याला माणसं पकडायला आवडायचं. त्यातही पिणाऱ्याला पकडण्यात त्याला फार रस नव्हता. पिणाऱ्याला पकडायला ठेवलेल्याला पकडलं की त्याचा चेहरा उजळायचा.

आणि पकडायचा तो पक्का. कारखान्यात शिरला की खुर्ची नको, चहा नको. चाचणी कुठे घेता? चारचौघांत का? साक्षीदार कोण? चाचणी घेणाऱ्याची चाचणी कोण घेतो? माणूस सापडला तर पाव तासाने त्याला पुन्हा फुंकायला देता का? सापडल्याचं त्याला दाखवता, की नुसतं सांगता? या प्रश्नांनी भल्याभल्या मॅनेजरांच्या कपाळाला घाम यायचा. जळगावच्या एका तेल मिलमध्ये सुपरवायझर चाचणी न घेताच कागदावर सगळ्यांना कोरडं ठरवत होता. तो नानाचा सख्खा भाचेजावई निघाला. नानाने रिपोर्टात त्याचं नाव घातलं, जावयाची नोकरी गेली. नानाची बहीण मंजुळाबाई ऑफिसात येऊन जिन्यातच उभी राहिली आणि सगळी पेठ ऐकेल असं बोलली. नाना आतून म्हणाला, "अक्का, नियम पाहुणा बघत नाही." मंजुळाबाईने त्यानंतर भावाचं तोंड पाहिलं नाही.

हे ऐकून कोणाला नानाबद्दल आदर वाटू लागला असेल तर त्याने जरा थांबावं. दुसरी बाजूही सांगतो.

आमच्या ऑफिसात पाण्याचा माठ होता. मी नोकरीला लागलो त्या आठवड्यात नानाने घरून फिरकीचा तांब्या आणायला सुरुवात केली. बोलला काही नाही. असल्या माणसांचं हेच असतं, बोलत काही नाहीत. एसटीत माझ्या शेजारी बसायचा, माझ्या खांद्यावर डोकं टाकून घोरायचाही, पण डबा उघडायची वेळ आली की खिडकीकडे वळायचा. एकदा एक फाइल द्यायला माझ्या घरी आला. माझी बायको भागाबाई हिने चहा केला. नाना म्हणाला, "नको वहिनी, चहाने पोटात गॅस होतो." आणि माझ्या डोळ्यांदेखत कोपऱ्यावरच्या टपरीवर जाऊन त्याने दोन कप रिचवले. भागाबाईने तो चहा मोरीत ओतला आणि त्या दिवशी माझ्याशी धड बोलली नाही, जणू गॅस मलाच झाला होता.

तर असा हा माणूस. मला तो आवडायचा नाही, आणि मी ते लपवायचोही नाही. त्यालाही माझं काही पडलेलं नव्हतं. टायपिंगमध्ये चूक सापडली की तो कागद माझ्या टेबलावर टाकायचा, हातात द्यायचा नाही.

धुळ्याला पारोळा रोडवर बन्सीलालशेठचा ट्रकचा अड्डा होता. घरगुती गॅसच्या टाक्या वाहायचा ठेका त्याच्याकडे. ड्रायव्हर सात. आदल्या वर्षी त्याचा एक ट्रक भरल्या टाक्यांसकट रस्त्याकडेच्या मोरीत कलंडला होता, माणूस वाचला, पण विमा कंपनीच्या तोंडचं पाणी पळालं. तेव्हापासून तिथे रोज फुंकणं सक्तीचं झालं होतं. चाचणीच्या नळ्यांची खोकी कंपनीनेच पाठवलेली.

ती नळी सांगायला हवी. काचेची, बोटाएवढी, आत पिवळे खडे. एका टोकाला प्लास्टिकची पिशवी. दुसरं टोक तोंडात धरायचं आणि पिशवी फुगेपर्यंत फुंकायचं. श्वासात दारू असली की खडे तोंडाकडून हिरवे व्हायला लागतात. नळीच्या मध्यावर एक खूण असते. हिरवं त्या खुणेच्या पुढे गेलं की माणूस प्यायलेला. एका माणसाला एक नळी, वापरली की फेकायची. खोक्यावर तसं चित्रासकट छापलेलं होतं, पण खोकी वाचायला कोण बसलंय.

आम्ही सकाळच्या पहिल्या गाडीने गेलो. अड्ड्याच्या फाटकाशी एक बाई उभी होती. तिने आधी नानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि कोणाशी बोलावं हे तिने बरोबर ओळखलं.

"भाऊ, मी यादव ड्रायव्हरनी घरवाली, नर्मदा. मना मालक थेंब पेत नही. तरी दोन डाव पकडाई गया. आज तिसरा डाव व्हयना ते नोकरी जाई, लायसन जाई, मांगली खोली बी जाई. तुम्ही त्या सायेबले सांगा ना."

अड्ड्याच्या मागे पत्र्याच्या खोल्यांची रांग होती, त्यातली शेवटची खोली यादवची. तीन वेळा सापडला की ड्रायव्हर बंद, असा नियम होता, आणि बंद म्हणजे खोलीसकट बंद. परवानाही आरटीओकडे जायचा, म्हणजे दुसरीकडेही कोणी गाडी हातात देणार नाही. नर्मदाबाई हे सगळं रडत नाही, चिडून सांगत होती. मला ते बरं वाटलं.

मी नानाला सांगितलं. नाना फाटकातून आत जाताना म्हणाला, "प्रत्येक बेवड्याची बायको हेच सांगते, मोतीलाल. अजून एकीने तरी कबूल केलंय का?" बाई ऐकत होती. त्याने आवाज कमी केला नाही.

आत सातही ड्रायव्हर ओळीत उभे होते. झुलाल नावाचा सुपरवायझर चाचणी घ्यायचा. गोल पोटाचा, कानात अत्तराचा फाया. त्याच्या मागे खिळ्याला सुतळीने एक नळी टांगलेली होती. एकच.

"बाकीच्या नळ्या कुठे?" नानाने विचारलं.

"आहेत ना खोक्यात. रोज सकाळी एक काढतो." झुलाल हसला. "नळी हिरवी झाली तर फेकतो नाना. पिवळी राहिली तर चांगली नळी टाकायची कशाला? शेठनी सांगून ठेवलंय, वाया काही घालवायचं नाही."

मला वाटलं नाना इथेच फाडून खाईल. पण पकडायच्या आधी तो नेहमी समोरच्याला मनसोक्त चूक करू द्यायचा. "घ्या," म्हणाला, "रोज घेता तशीच घ्या. मी इथे नाही असं समजा."

ओळीत पहिला वना. शेठच्या गावचा, झुलालचा जिगरी, डोळे असे लाल की चाचणीची गरजच नव्हती. त्याने फुंकलं. खडे तोंडाशी किंचित हिरवे झाले, खूण लांब होती. झुलालने नळी पायजम्याला पुसली आणि दुसऱ्याला दिली. दुसऱ्याने फुंकलं. पुन्हा पायजमा. तिसरा, चौथा. प्रत्येक वेळी नाना चष्मा कपाळावर चढवून नळी डोळ्यांजवळ नेऊन बघायचा आणि परत द्यायचा. मीही बघत होतो. हिरवं मुंगीच्या पावलाने पुढे सरकत होतं. सहाव्याने फुंकलं तेव्हा ते खुणेला टेकलंच होतं. झुलालने सहाव्याला 'पास' म्हटलं, आणि नळी सातव्याला दिली.

सातवा यादव अहिरे. चाळिशीचा, केस मागे वळवलेले, खाकी कपडे इस्त्रीचे. सहाव्यापासून तो हातभर अंतर सोडून उभा होता. त्याने नळी घेतली, फुंकलं. हिरवं खुणेच्या पलीकडे गेलं.

"बघा नाना," झुलाल म्हणाला, "तिसरी वेळ. या लोकांना कितीही सांगा." त्याने नळी पुसली नाही. दोन बोटांत धरून बाजूच्या डबक्यात टाकली.

'या लोकांना' म्हणताना त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. मी कोण हे त्याला माहीत नव्हतं. माझ्या हातात लेखणी होती, कमरेला पट्टा होता, मी साहेबाबरोबर आलो होतो. माझं डोकं तापलं ते सांगायला नको. फाटकाशी नर्मदाबाईने काहीतरी ओरडून सांगितलं, वॉचमनने तिला मागे लोटलं.

मला सगळं कळलं होतं, आणि कुठल्याही शाळकरी पोरालाही कळलं असतं. वनाची रात्रीची दारू, दुसऱ्याची थोडी, चौथ्याची थोडी, सगळी त्या एका नळीत साचत गेली होती. तुडुंब भरल्यावर ती यादवच्या तोंडात दिली गेली. सहा जण प्यायचे आणि एक सापडायचा. झुलालने हे मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. त्याच्या डोक्यात एवढं रसायनशास्त्र नव्हतं. त्याला फक्त नळ्या वाचवायच्या होत्या, आणि यादव शेवटी राहायला हवा होता.

यादव शेवटी का, हे मात्र नानाने विचारलं. "हा रोज शेवटीच?"

"त्याला तसंच बरं पडतं," झुलाल म्हणाला.

नाना यादवकडे वळला. "बरं पडतं तुला?"

यादवने एकदा त्या सहा जणांकडे पाहिलं. "माले पुढे कोण उभं राहू देस, नाना? मी नळी तोंडले लावी का मंग ती नळी कोन्हाले चालत नही."

नानाला याचा अर्थ विचारावा लागला नाही. त्याला तो माझ्यापेक्षा लवकर कळला असणार, कारण असली ओळ लावायची वेळ आली असती तर त्यानेही अशीच लावली असती. हे मी रागाने लिहीत नाही. खरं म्हणजे रागानेच लिहितो आहे, पण खोटं लिहीत नाही. त्याच्या गावात विहिरीवर, लग्नाच्या पंगतीत, दुकानाच्या ओट्यावर हाच क्रम होता आणि त्यावर त्याने कधी रिपोर्ट लिहिला नव्हता.

पण इथे ती चाचणी होती, आणि चाचणीत कोणी गडबड केली की त्याच्या अंगात यायचं. त्याने झुलालला खोक्यातून नवी नळी काढायला लावली. पिवळीधमक.

"आता पुन्हा. पद्धत तुमचीच, नळी एकच. फक्त क्रम उलटा. यादव पहिला."

यादवने फुंकलं. पिशवी टम्म फुगली. खडे होते तसेच पिवळे राहिले. नानाने ती नळी सगळ्यांच्या डोळ्यांपुढून फिरवली, आणि वनापुढे धरली. "चल."

वना मागे सरकला. "आमले नवी नळी द्या."

"काललगून चालनी ना एकच नळी?" नाना आता गावच्या बोलीवर आला होता, म्हणजे तो खरा चिडला होता. "एकमेकांचं उष्टं तुमले चालनं. आते काय व्हयनं?"

"त्यानी तोंडमा लेयेल नळी आमी तोंडमा नही लेत," वना म्हणाला. लाजून नाही, ताठ मानेने म्हणाला. बाकीचे पाचही हेच म्हणाले. एकाने तर थुंकून दाखवलं.

नानाने खिशातून नियमांचं परिपत्रक काढलं. ते त्याला पाठ होतं, तरी काढलं. "जो फुंकायला नकार देईल तो प्यायलेला धरावा, असा नियम आहे. विचार करा. एकेकाचं नाव लिहीन."

कोणी हललं नाही. नानाने मला सांगितलं, आणि मी एकेक नाव लिहीत गेलो. नकार, म्हणून प्यायलेला. नकार, म्हणून प्यायलेला. मला आयुष्यात कुठलंही लिखाण इतकं गोड लागलेलं नाही. सहा ट्रक जागच्या जागी उभे. धुळ्यातल्या बायका गॅसच्या टाकीची वाट बघत बसणार, आणि चालवायला लायक असा एकच माणूस, यादव अहिरे.

तेवढ्यात बन्सीलालशेठ आला. कोणीतरी घरी सांगावा धाडला असणार. आला तो स्कूटर स्टँडवर न लावता झुलालच्या अंगावर टाकून. सगळं ऐकून घेतलं. ओरडेल असं वाटलं, पण तो ओरडणाऱ्यातला नव्हता. त्याने नानाच्या हातातलं परिपत्रक मागून घेतलं आणि सावकाश वाचलं.

"नाना, यात खाली अजून एक आहे. चाचणी घेणाऱ्यावर कर्मचाऱ्यांनी शंका घेतली, तर त्याने आधी स्वतः फुंकून दाखवायचं." तो ड्रायव्हरांकडे वळला. "काय रे, शंका आहे का तुम्हाला?"

"शे ना!" सहाही जण एका सुरात म्हणाले.

"मग दाखवा फुंकून. नळी आहेच तुमच्या हातात. तुम्ही फुंका, तुमच्यामागून माझी पोरं फुंकतील. शब्द आहे माझा." शेठ हसत होता. त्याने नानाचा पांढरा शर्ट पाहिला होता, खांद्याच्या पिशवीतून डोकावणारा फिरकीचा तांब्या पाहिला होता, आणि शेठ लोक माणूस पारखून ठेके मिळवतात.

सगळा अड्डा नानाकडे बघत होता. फाटकातून नर्मदाबाई बघत होती. यादव त्याच्यापासून दोन हातांवर उभा होता.

मी पुढे झालो. "आणा इकडे, मी फुंकतो."

"तू चाचणी घेत नाहीस. कागद धर," नाना माझ्याकडे न बघता म्हणाला. आणि शेठ म्हणाला, "तुम्ही फुंकून काय उपयोग, मास्तर?" कागदाच्या डोक्यावर लिहिलेलं माझं आडनाव त्याने एव्हाना वाचलं होतं.

नानाने नळी वर केली. हनुवटीपर्यंत आली ती. मी मनातल्या मनात ओरडत होतो, फुंक म्हाताऱ्या, एक श्वास, सहा जणांची तोंडं कायमची बंद होतील, यादवला नंतर कोणी ओळीच्या टोकाला उभं करणार नाही. फुंक. दारू प्यायला नाहीस, भीती कसली? काच आहे ती. त्याचे ओठ उघडले, आणि मिटले. कपाळावरून घाम नाकावर उतरला, तो त्याने पुसला नाही.

मग त्याने नळी खाली आणली आणि टेबलावर ठेवली. हळू ठेवली.

"मोतीलाल, लिही."

"काय लिहू?"

"सातवं नाव. लोटन झिपरू पाटील, तपासणी अधिकारी. नकार. म्हणून प्यायलेला."

शेठचं हसू गेलं. हे त्याच्या हिशेबात नव्हतं. त्याला वाटलं होतं की नाना एकतर परिपत्रक खिशात घालून चहाला बसेल, नाहीतर आरडाओरडा करेल. "अहो नाना, गंमत केली," तो म्हणाला. नानाने कागद माझ्या हातातून ओढला, त्याने कधी माझ्या हातातून काही घेतलं नव्हतं, आणि सही केली. यादवच्या नावापुढे स्वतःच्या अक्षरात लिहिलं, चाचणी स्वच्छ, मागच्या दोन्ही चाचण्या रद्द धराव्यात. मग साक्षीदार म्हणून माझी सही घेतली आणि आम्ही निघालो. फाटकाशी नर्मदाबाई त्याच्या पायाशी वाकली. तो पाय मागे घेऊन बाजूने निघून गेला.

परतीच्या गाडीने पारोळा सोडलं. मग मला राहवेना.

"नाना, का नाही फुंकलं?"

तो खिडकीबाहेर बघत होता.

"नोकरी जाईल तुमची. दारुडा म्हणून स्वतःचं नाव लिहून दिलंत. त्यापेक्षा एकदा फुंकणं सोपं होतं की नाही?"

"सोपं व्हतं," तो म्हणाला. "नही व्हयनं रे माले."

मला त्याची दया यायला हवी होती, असं माझे काही मित्र म्हणतात. मला आली नाही. ज्याने सख्ख्या बहिणीला तोडलं, नोकरीवर पाणी सोडलं, पन्नाशी उलटल्यावर स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेतलं, त्याला एका माणसाच्या तोंडची काच चालली नाही. त्याला नियम मोडता येत नव्हता आणि तेही मोडता येत नव्हतं. मी उठलो आणि पुढच्या रिकाम्या सीटवर जाऊन बसलो.

पुढे झालं ते असं. रिपोर्ट नाशिकला गेला. मालकाने नानाला बोलावून सातवी ओळ खोडायला सांगितली. तेवढी खोडली तर सगळं मिटतं, असं सांगितलं. नाना म्हणाला, ती खोडली तर वरच्या सहाही खोडाव्या लागतील, आणि त्या खोडल्या तर ती चाचणीच उरत नाही, म्हणजे यादव सुटत नाही. मालकाने त्याला घरी पाठवलं. कागदावर प्यायलेला ठरलेला तपासणीस कुठली विमा कंपनी ठेवून घेणार? नानाने धरणगावला जाऊन शेती बघितली. मंजुळाबाईला कळलं तेव्हा ती म्हणाली म्हणे, बरं झालं. काही वर्षांनी तो गेला. मी मयताला गेलो नाही.

यादवची नोकरी राहिली, परवाना राहिला, खोली राहिली. बन्सीलालशेठला प्रत्येकाला वेगळी नळी द्यावी लागली. वनाला पुढच्याच आठवड्यात स्वतःच्या नळीने पकडलं. ओळ मात्र तशीच राहिली. वेगळ्या नळ्या झाल्यावरही यादव सातवाच उभा राहायचा, कारण नळीचा नियम होता, ओळीचा नव्हता.

आमच्या धंद्यात नानाची गोष्ट अजून सांगतात. नवी पोरं तपासणीवर निघाली की जुने लोक त्यांना बसवून ऐकवतात, की लोटन नानासारखा इमानदार माणूस पुन्हा झाला नाही, स्वतःचं नाव स्वतः लिहिलं त्याने. मागे एकदा धुळ्याच्या एसटी स्टँडवर यादव भेटला, निवृत्त झालेला, नर्मदाबाई बरोबर होती. आम्ही चहा घेतला. शेजारच्या बाकावर आमच्याच लाइनमधला एक जण बसला होता, तो यादवला ओळखत नव्हता. त्याने मला पाहून तीच गोष्ट काढली, रंगवून सांगितली, आणि शेवटी यादवकडे वळून म्हणाला, "काय आबा, आहे का आज असा इमानदार माणूस?"

यादवने कप खाली ठेवला.

"व्हता ना इमानदार," तो म्हणाला. "मी सामनेच उभा व्हतो."